वैद्यकीय श्रुतलेखन आणि अचूकतेचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

महाभारताच्या लेखनाविषयीची एक कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे असे ठरले, तेव्हा आपली लेखणी क्षणभरही थांबता कामा नये, अशी अट गणपतीने घातली. त्यावर व्यासांनीही आपली अट घातली की, अर्थ समजल्याशिवाय एकही अक्षर लिहायचे नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत ही कथा मूळ संहितेचा भाग मानलेली नाही. तथापि सांगणारा आणि लिहिणारा यांच्यातील नात्याचा विचार करताना या दोन अटी फार उपयोगी पडतात. पहिली अट वेगाची आहे, दुसरी अर्थबोधाची.

डॉक्टरांनी तोंडी सांगितलेला रुग्णाचा वृत्तांत ऐकून तो लेखी स्वरूपात आणण्याच्या कामास व्यवहारात ‘मेडिकल ट्रान्सक्रिप्शन’ म्हटले जाते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मुंबई, पुणे यांसारख्या शहरांतील अनेक पदवीधर तरुण-तरुणींनी अमेरिकेतील रुग्णालयांसाठी हे काम केले. या व्यवसायाकडे बहुधा रोजगाराचे साधन म्हणूनच पाहिले गेले. त्यामागील शतकभराचा इतिहास मात्र दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात या इतिहासाचा आढावा घेऊन वैद्यकीय श्रुतलेखनातील अचूकता कोणत्या गोष्टींवर अवलंबून राहिली, याचा शोध घेतला आहे. तंत्रज्ञान जसजसे सुधारत गेले तसतसा लिहिणारा सांगणाऱ्यापासून दूर जात राहिला आणि “आपण काय म्हणालात?” हे विचारण्याची त्याची संधी आकुंचित होत गेली, असे या आढाव्यातून दिसून येते.

लेखी नोंदीची गरज आणि लघुलेखक :

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रुग्णाची नोंद ही बहुतांशी डॉक्टरांची खासगी टिपणवही होती. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. हेन्री प्लमर यांनी १९०७ मध्ये प्रत्येक रुग्णासाठी एकच एकत्रित नोंदपत्र ठेवण्याची पद्धत सुरू केली. एका डॉक्टरने लिहिलेले दुसऱ्यास वाचता येणे ही गरज त्यामुळे ठळक झाली. पुढे ‘अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स’ या संस्थेने रुग्णालयांसाठी किमान निकष ठरविले. प्रत्येक रुग्णाची अचूक व पूर्ण नोंद ठेवणे हा त्यांपैकी एक निकष होता. १९१८ मध्ये शंभर वा अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी झाली, तेव्हा केवळ ८९ रुग्णालये या निकषांस उतरली. त्यानंतर नोंदी सांभाळणाऱ्यांचा स्वतंत्र वर्ग उदयास आला आणि १९२८ मध्ये ग्रेस व्हाइटिंग मायर्स यांच्या पुढाकाराने त्यांची संघटना स्थापन झाली.

दिवसभर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरास प्रत्येक नोंद स्वहस्ते लिहिणे अशक्य होते. त्यामुळे त्याने सांगावे आणि लघुलेखकाने उतरून घ्यावे, ही कार्यालयांतील रीत रुग्णालयांतही आली. आयझॅक पिटमन यांची लघुलेखनपद्धती १८३७ पासून आणि जॉन ग्रेग यांची १८८८ पासून प्रचारात होती. या दोन्ही पद्धती शब्दाच्या वर्णलेखनावर नव्हे, तर उच्चारावर आधारलेल्या आहेत. त्यांचा वेग त्यातूनच येतो आणि वैद्यकीय लेखनातील पहिली अडचणही त्यातूनच उद्भवते. ‘इलियम’ हा एकच उच्चार लहान आतड्याच्या शेवटच्या भागासही लागू होतो आणि कटीच्या हाडासही. इंग्रजीत त्यांच्या लेखनात केवळ एका अक्षराचा फरक आहे. ध्वनिखुणेवरून तो उलगडत नाही. कोणत्या अवयवाविषयी बोलणे चालले आहे हे लिहिणाऱ्यास ठाऊक असावे लागते. तथापि या काळात लघुलेखक डॉक्टरांसमोर बसत असे. शंका आल्यास त्याला जागच्या जागी विचारता येई. ही सोय इतकी स्वाभाविक होती की, ती नाहीशी होईपर्यंत तिचे महत्त्व लक्षात आले नाही.

यंत्राचे आगमन :

थॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफचा शोध लावला. पुढच्याच वर्षी ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्यांनी या यंत्राचे संभाव्य उपयोग नोंदविले. त्या यादीत पहिले स्थान संगीतास नव्हे, तर लघुलेखकाच्या मदतीवाचून पत्रे व इतर मजकूर सांगण्याच्या सोयीस दिले होते. चिचेस्टर बेल आणि चार्ल्स टेन्टर यांना १८८६ मध्ये मेणाच्या नळकांड्यावर ध्वनी उमटविण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळाले. ‘डिक्टाफोन’ हे व्यापारी नाव १९०७ मध्ये नोंदविले गेले. मेयो क्लिनिकमधील एकत्रित नोंदपत्राचे वर्षही तेच आहे.

या यंत्रामुळे डॉक्टरास आपल्या सवडीने, रात्री-अपरात्रीही मजकूर सांगता येऊ लागला. मात्र त्याचबरोबर सांगणारा आणि लिहिणारा यांच्यात काळाचे अंतर पडले. शिवाय मेणाचे नळकांडे टंकलेखनानंतर तासून पुन्हा वापरले जाई. म्हणजे मूळ ध्वनी नष्ट होई आणि टंकलिखित मजकूर तेवढा उरे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, तेव्हा पडताळणीसाठी त्यांच्यासमोर पोथ्या तरी होत्या. येथे पडताळून पाहण्याजोगे काही शिल्लकच राहत नसे. पुढे १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीची कॅसेट आणि १९६९ मध्ये ऑलिम्पस कंपनीची मायक्रोकॅसेट आली. मोठ्या रुग्णालयांत दूरध्वनीवरून मजकूर ध्वनिमुद्रित करण्याची व्यवस्था झाली. कानांना श्रवणिका लावून व पायाखालच्या पेडलने ध्वनिफीत मागेपुढे करीत टंकलेखन करणारा स्वतंत्र विभाग निर्माण झाला.

या विभागातील कर्मचाऱ्यास डॉक्टर भेटत नसे. त्यामुळे न समजलेल्या शब्दाच्या जागी रिकामी जागा सोडून तेथे खूण करण्याची रीत रूढ झाली. ही रिकामी जागा म्हणजे लेखनिकाने डॉक्टरास विचारलेला प्रश्नच होता. डॉक्टरांनी मजकूर वाचून ती भरावी आणि मग स्वाक्षरी करावी, अशी अपेक्षा असे. १९७८ मध्ये कॅलिफोर्निया राज्यातील मोडेस्टो येथे ‘अमेरिकन असोसिएशन फॉर मेडिकल ट्रान्सक्रिप्शन’ ही संस्था स्थापन झाली. हे काम केवळ टंकलेखन नसून त्यासाठी वैद्यकीय भाषेचे विशेष ज्ञान लागते, ही भूमिका या संस्थेने मांडली. २००७ मध्ये संस्थेचे नाव बदलले आणि त्यात ‘ट्रान्सक्रिप्शन’ या शब्दाऐवजी नोंदींच्या सचोटीचा उल्लेख आला.

अचूकतेतील अडचणींचे स्वरूप :

वैद्यकीय श्रुतलेखनातील अडचणींचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात.

पहिला प्रकार सारख्या उच्चारांच्या संज्ञांचा आहे. ‘डिस्फेजिया’ म्हणजे गिळण्यातील अडचण आणि ‘डिस्फेझिया’ म्हणजे वाचादोष. पक्षाघाताच्या रुग्णात दोन्ही संभवतात. त्यामुळे संदर्भही नेहमीच मदतीस येतो असे नाही. ‘हायपर’ आणि ‘हायपो’ या उपसर्गांपैकी एक अतिरेक दर्शवितो, तर दुसरा न्यूनता. घाईने उच्चारलेल्या एका अक्षरावर निदान उलटे होते.

दुसरा प्रकार संख्यांचा आहे. इंग्रजीतील ‘फिफ्टीन’ व ‘फिफ्टी’ यांत शेवटचा ध्वनी पुसट झाला की भेद उरत नाही. मराठीत दूरध्वनीवर ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ सांगताना होणारा घोटाळा सर्वांच्या परिचयाचा आहे. औषधाच्या मात्रेत हाच घोटाळा जिवावर बेतू शकतो. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या ‘जॉइंट कमिशन’ या संस्थेने २००४ मध्ये काही संक्षेपांवर बंदी घातली. ‘युनिट’ या शब्दासाठी वापरले जाणारे इंग्रजी ‘यू’ हे अक्षर त्यांत होते, कारण हस्ताक्षरात ते शून्यासारखे दिसे. दशांशचिन्हानंतरचे अनावश्यक शून्यही त्याच यादीत होते.

तिसरा प्रकार औषधांच्या नावांचा आहे. पित्तावरील ‘लोसेक’ आणि मूत्रल ‘लॅसिक्स’ या नावांत गोंधळ होऊ लागल्याने १९९० मध्ये अमेरिकेत पहिल्या औषधाचे नाव ‘प्रायलोसेक’ असे बदलावे लागले. ‘सेलेब्रेक्स’, ‘सेलेक्सा’ आणि ‘सेरेबिक्स’ ही नावे अनुक्रमे सांधेदुखी, नैराश्य आणि अपस्मारासारखे झटके यांवरील औषधांची आहेत. ऐकताना मात्र ती एकाच कुळातील वाटतात.

चौथा प्रकार नकाराचा आहे. “औषधाची ॲलर्जी नाही” या आशयाच्या इंग्रजी वाक्यातील आरंभीचा ‘नो’ ऐकू आला नाही, तरी उरलेले वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष राहते. त्यामुळे वाचणाऱ्यास चूक झाल्याची शंकाही येत नाही.

सागरापारचे लेखनिक :

१९९० च्या दशकात ध्वनी अंकीय स्वरूपात साठवून इंटरनेटवरून पाठविणे शक्य झाले. अमेरिकेतील वेतनमान, भारतातील इंग्रजी जाणणारा पदवीधर वर्ग आणि दोन्ही देशांच्या वेळेतील फरक या तीन कारणांनी हे काम भारतात आले. मुंबईचे घड्याळ न्यूयॉर्कच्या साडेदहा तास, तर उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे असते. तेथे डॉक्टरांनी सायंकाळी सांगितलेला मजकूर येथे सकाळच्या पाळीत टंकलिखित होऊन त्यांच्या दुसऱ्या दिवसाच्या आरंभी परत जाऊ शके.

आता काळाच्या अंतरात स्थळाचे आणि उच्चारसंस्कारांचे अंतर मिळाले. अमेरिकेतील रुग्णालयांत अनेक देशांतून आलेले डॉक्टर काम करीत. त्यांचे इंग्रजी पुण्या-मुंबईतील तरुणांनी शालेय जीवनात ऐकलेल्या इंग्रजीहून भिन्न होते. चालत्या मोटारीत किंवा गजबजलेल्या वॉर्डात सांगितलेला मजकूर, मध्येच येणारी खोकल्याची ढास, वाक्य अर्ध्यावर टाकून केलेली दुरुस्ती या सर्वांतून अर्थ शोधावा लागे. यासाठी मजकूर एकाने लिहावा, दुसऱ्याने ध्वनी ऐकत तपासावा आणि गरजेनुसार तिसऱ्याने पुन्हा पाहावा, अशी साखळी उभारली गेली.

या व्यवस्थेतील एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. मोबदला सामान्यतः ओळींवर ठरे आणि ओळ बहुधा ६५ अक्षर-चिन्हांची धरली जाई. अचूकतेची अपेक्षा ९८ टक्के किंवा त्याहून अधिक असे. तीनशे शब्दांच्या मजकुरात शब्दागणिक दोन टक्के चुका म्हणजे सहा शब्द होत. ते सहा शब्द विरामचिन्हांइतके निरुपद्रवी आहेत की त्यांत औषधाची मात्रा आहे, हे टक्केवारी सांगत नाही. गंभीर चुकांना अधिक वजन देण्याच्या पद्धती होत्या; परंतु एकाच अवघड शब्दासाठी ध्वनिफीत दहा वेळा ऐकणाऱ्याच्या ओळी कमी भरत आणि रिकाम्या जागा फार झाल्यास कामाचा दर्जा कमी गणला जाई. न समजल्यास विचारावे हा नियम कायम होता. तथापि अंदाजाने शब्द भरण्याकडे ढकलणारी अर्थव्यवस्था त्याच्या विरोधात उभी होती.

या प्रश्नाचे गांभीर्य अमेरिकेतील अलाबामा राज्यातील एका खटल्यात दिसून आले. २००८ मध्ये एका मधुमेही महिलेस रुग्णालयातून पुनर्वसन केंद्रात पाठविताना तयार झालेल्या वृत्तांतात इन्सुलिनची मात्रा ८ युनिटऐवजी ८० युनिट अशी नोंदली गेली. हे श्रुतलेखन भारतात झाले होते. त्यानुसार दिलेल्या मात्रेमुळे त्या महिलेचा मृत्यू झाला. २०१२ मध्ये ज्युरीने १४ कोटी डॉलर देण्याचा निर्णय दिला. येथे एका शून्याची चूक कोणाच्या हातून झाली, एवढाच प्रश्न नाही. मजकूर लिहिला गेल्यापासून औषध टोचले जाईपर्यंत अनेक हातांतून गेला. पण दहापट मात्रा पाहून कोणीही थांबले नाही. अर्थ समजल्याशिवाय पुढे जायचे नाही, ही अट साखळीतील प्रत्येकाची असायला हवी होती.

यंत्रच लेखनिक होते तेव्हा :

१९९७ मध्ये ‘ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग’ ही सलग बोलणे ओळखणारी संगणकप्रणाली बाजारात आली. २००६ मध्ये ‘डिक्टाफोन’ कंपनी वाणी-ओळख क्षेत्रातील ‘न्युअन्स’ने विकत घेतली आणि २०२२ मध्ये ‘न्युअन्स’ ‘मायक्रोसॉफ्ट’कडे गेली. या काळात भारतातील अनेक लेखनिकांचे काम यंत्राने तयार केलेला मजकूर दुरुस्त करण्यापुरते उरले.

‘जामा नेटवर्क ओपन’ या नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. त्यात २१७ वैद्यकीय वृत्तांत तपासण्यात आले. यंत्राच्या मूळ मजकुरात चुकांचे प्रमाण ७.४ टक्के होते. व्यावसायिक लेखनिकाने तपासल्यानंतर ते ०.४ टक्क्यांवर आले आणि डॉक्टरांच्या स्वाक्षरीनंतर ०.३ टक्के राहिले. म्हणजे चुका दूर करण्याचे बहुतांश काम त्या अनाम लेखनिकाने केले होते.

२०२४ मध्ये ‘व्हिस्पर’ या वाणी-ओळख प्रणालीविषयी सादर झालेल्या अभ्यासात वेगळा धोका पुढे आला. तपासलेल्या ध्वनिखंडांपैकी सुमारे एक टक्का खंडांत यंत्राने कोणीही न उच्चारलेली वाक्ये लिहिली होती. बोलण्यात दीर्घ विराम असलेल्या खंडांत असे अधिक घडले. मानवी लेखनिक जेथे रिकामी जागा सोडतो तेथे यंत्र सुबोध वाक्य रचून देते आणि ते वाक्य ओघवते असल्यामुळेच वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटते.

निष्कर्ष :

१. वैद्यकीय श्रुतलेखन हे केवळ ध्वनीचे अक्षरांत रूपांतर नाही. संज्ञा, मात्रा आणि नकार यांचा अर्थ जाणल्याशिवाय ते अचूक होऊ शकत नाही.

२. मेणाच्या नळकांड्यापासून संगणकप्रणालीपर्यंत प्रत्येक टप्प्यावर वेग वाढला. त्याचबरोबर सांगणाऱ्यास प्रश्न विचारण्याची संधी कमी झाली.

३. रिकामी जागा ही लेखनिकाची उणीव नसून त्याच्या प्रामाणिकपणाची खूण आहे. तिला दोष मानणारी मूल्यमापनपद्धती अंदाजास उत्तेजन देते.

४. अंतिम पडताळणीची जबाबदारी स्वाक्षरी करणाऱ्या डॉक्टरांची आणि तो मजकूर वापरणाऱ्या प्रत्येकाची आहे.

समारोप :

भारतातील रुग्णालयेही आता संगणकीय नोंदींकडे वळत आहेत. येथील डॉक्टर मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांच्या मिश्रणात बोलतात; रुग्ण आपले दुखणे बोलीभाषेत सांगतात. ‘कसंतरी होणे’, ‘चमक भरणे’ किंवा ‘गळून गेल्यासारखे वाटणे’ यांसारख्या शब्दप्रयोगांची नोंद यंत्राकडून होऊ लागेल, तेव्हा हाच इतिहास नव्याने पुढे उभा राहील. अमेरिकेतील रुग्णांचे शब्द वर्षानुवर्षे कान देऊन ऐकणारा प्रशिक्षित वर्ग महाराष्ट्रात तयार झालेला आहे. त्याच्या अनुभवाचे संकलन वेळीच झाले, तर लेखणी कोठे थांबवावी, हे नव्या व्यवस्थेस शिकविता येईल.