नगरबांधणीच्या खेळांतील शिवार आणि रान

मोकळ्या भूभागावर रस्ते, वस्त्या, कारखाने व सार्वजनिक सोयी उभारून शहराचा कारभार पाहण्याचा संगणकीय खेळ हा प्रकार 1989 साली ‘सिमसिटी’मुळे रूढ झाला, आणि शहराबाहेरची जमीन त्यात प्रारंभापासूनच दुय्यम राहिली. असे असूनही या खेळांत मुरलेल्या अनेकांनी आपले कसब उंच इमारतींवर खर्च न करता शेतांचे बांध, ओढ्यांचे काठ, बैलगाडीच्या वाटा आणि डोंगरउतारांवरची झाडी यांवर खर्च केले, आणि त्यातून अस्सल वाटणारे शिवार व रान घडवण्याची एक स्वतंत्र कारागिरी उभी राहिली. या कारागिरीचा इतिहास पाहताना ध्यानात येते की तिची बहुतेक प्रगती खेळाच्या नियमांना बगल देऊन झाली. कारण त्या नियमांच्या मुळाशी असलेल्या विचारात शहराभोवतीच्या प्रदेशाला स्वतःचे जीवन मानलेलेच नव्हते.

तो विचार संगणकीय खेळांपेक्षा जुना आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील अभियंते जे फॉरेस्टर यांनी बॉस्टनचे माजी महापौर जॉन कॉलिन्स यांच्याशी झालेल्या विचारविनिमयातून ‘अर्बन डायनॅमिक्स’ हा ग्रंथ सिद्ध केला व तो 1969 साली प्रसिद्ध झाला. उद्योग, घरे आणि माणसे यांचे एकमेकांवर होणारे परिणाम समीकरणांत मांडून शहराची भरभराट व पडझड समजून घेण्याचा तो प्रयत्न होता, आणि त्यासाठी फॉरेस्टर यांनी शहराला एक ठराविक क्षेत्र देऊन त्याभोवती एक अमर्याद परिसर गृहीत धरला होता. शहर आकर्षक झाले की या परिसरातून माणसे येतात आणि त्याचे आकर्षण ओसरले की तेथेच परत जातात. तो परिसर मात्र कधी ओस पडत नाही, कधी भरून वाहत नाही आणि तेथे काही पिकतही नाही. गणिताच्या सोयीसाठी हे गृहीतक समर्थनीय होते, पण खेळाचे निर्माते विल राइट यांनी फॉरेस्टर यांच्या मांडणीतून प्रेरणा घेतल्यावर ते गृहीतकही ‘सिमसिटी’त उतरले. खेळातले नागरिक नकाशाच्या कडेबाहेरून येत राहिले आणि कडेबाहेर काय आहे हे विचारण्याची गरज कोणाला पडली नाही.

यातला विरोधाभास असा की या खेळाचा उगम भूभाग रेखाटण्याच्या आनंदातच होता. राइट यांच्या ‘रेड ऑन बंगेलिंग बे’ (1984) या पहिल्या खेळात हेलिकॉप्टरमधून बेटांवर बॉम्ब टाकायचे असत, आणि ती बेटे तयार करण्यासाठी त्यांनी जे साधन बनवले होते ते त्यांना प्रत्यक्ष खेळापेक्षा अधिक रमवणारे वाटले. पुढे मॅक्सिस या कंपनीने आणलेल्या ‘सिमसिटी’चा नकाशा 120 गुणिले 100, म्हणजे 12,000 चौकोनांचा होता व त्यात माती, पाणी आणि झाडे एवढेच नैसर्गिक प्रकार होते. झाडांमुळे शेजारच्या जागेचा भाव वाढे, आणि बांधकाम करायचे असेल तेव्हा ती बुलडोझरने काढून टाकावी लागत. यापलीकडे झाडाचे कार्य नव्हते. पुढच्या ‘सिमसिटी 2000’मध्ये चढउतार, धबधबे आणि त्यांवर चालणारी जलविद्युत केंद्रे आली. शेतीला मात्र मॅक्सिसने 1993 साली ‘सिमफार्म’ हा वेगळाच खेळ काढून दिला, म्हणजे शहराचा खेळ एका खोक्यात आणि पिकांचा दुसऱ्या खोक्यात अशी विभागणी दुकानाच्या फळीवरच झाली.

खरे वळण आले ते जानेवारी 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिमसिटी 4’मुळे. या खेळात अनेक शहरांचा मिळून एक विभाग असे; प्रत्येक शहराचा चौरस एक, दोन किंवा चार किलोमीटर बाजूचा असून त्यातला सर्वांत लहान घटक 16 मीटर बाजूचा चौकोन होता. एवढा मोठा विभाग इमारतींनी भरणे फार थोड्यांना शक्य होते आणि उरलेल्या जागेत काय असावे हा प्रश्न पहिल्यांदाच डोळ्यांसमोर आला. खेळाने दिलेले उत्तर कारकुनी थाटाचे होते: कमी घनतेचा औद्योगिक पट्टा आखला की तेथे शेती उगवे. शेत हा कारखान्याचाच एक विरळ प्रकार ठरला, आणि ते रस्त्याला चिकटून, काटकोनात, ठरलेल्या रंगांच्या चौकटींत उमटत असे.

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागासाठी हे चित्र फारसे चुकीचे नव्हते. तेथील जमीन 1785 च्या भूमी अध्यादेशानुसार सहा मैल बाजूच्या चौरसांत आणि त्या प्रत्येकाचे एकेक चौरस मैलाचे 36 भाग करून मोजली गेली होती, त्यामुळे विमानातून दिसणारे तेथले शिवार खेळाच्या चौकटींशी सहज जुळते. पण सेंट लॉरेन्स नदीकाठी फ्रेंच वसाहतकारांनी पाडलेल्या शेतांच्या लांबट पट्ट्या, ज्यांत प्रत्येक कुटुंबाला नदीचा थोडा थोडा काठ मिळे, किंवा इंग्लंडमधील वेड्यावाकड्या कुंपणझाडीची शेते या चौकटींत बसवणे शक्य नव्हते. इंग्लंडचे भूदृश्य हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टांचा, वहिवाटीचा व कायद्यांचा दस्तऐवज आहे आणि तो वाचता येतो, असे प्रतिपादन इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी 1955 च्या ‘द मेकिंग ऑफ द इंग्लिश लँडस्केप’ या ग्रंथात केले होते. एखादी कुंपणझाडी सरळ का धावते आणि शेजारची वळणे का घेते, याची उत्तरे त्यांनी मोजणीच्या व मालकीच्या इतिहासात शोधली. युरोपातले खेडे खेळात उभे करू पाहणाऱ्यांना, हॉस्किन्स वाचलेले असोत वा नसोत, हेच प्रश्न पडू लागले. कारण ज्या बांधाला काही कारण नाही तो पाहणाऱ्याला खोटा वाटतो.

जमिनीचा उंचसखलपणा आधी साधावा लागे. ‘सिमसिटी 4’मध्ये करड्या छटांचे चित्र आयात करून भूभाग घडवता येत असे, चित्रातला काळा भाग खोल, पांढरा भाग उंच, आणि मधल्या छटा मधल्या उंचीच्या. अशा चित्राला हाइटमॅप, म्हणजे उंचीचा नकाशा म्हणतात. साध्या चित्रात करड्या रंगाच्या 256 च छटा असतात आणि एका छटेला सुमारे तीन मीटर उंची धरल्यामुळे सौम्य उतारांवर पायऱ्या पडत, ज्या हाताने गुळगुळीत कराव्या लागत. चित्रासाठी लागणारी माहिती मिळवण्याचे दोन मार्ग होते. पहिला मार्ग गणिताचा होता: बेन्वा मँडेलब्रो यांच्या फ्रॅक्टल भूमितीतून, म्हणजे लहान भागात मोठ्या भागाचीच ठेवण पुन्हा दिसणाऱ्या आकारांच्या शास्त्रातून, 1980 च्या दशकात संगणकाला डोंगर काढायला शिकवण्यात आले होते. हे डोंगर दिसायला खडबडीत असले तरी पाण्याने कोरलेले नसल्यामुळे त्यांच्या दऱ्या कोठेच जात नसत, आणि म्हणून पुढील संशोधकांनी व सॉफ्टवेअरकारांनी त्यांवर पावसाची झीज गणिताने घडवण्याच्या रीती शोधल्या. दुसरा मार्ग प्रत्यक्ष मोजणीचा होता. फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एन्डेव्हर’ या अंतराळयानाने 11 दिवसांच्या मोहिमेत रडारच्या साहाय्याने 60 अंश उत्तर ते 56 अंश दक्षिण या पट्ट्यातील जमिनीची उंची मोजली व त्यातली सुमारे 90 मीटर अंतराने घेतलेली आकडेवारी सर्वांसाठी खुली झाली. त्यामुळे आल्प्स असो की सह्याद्री, जवळजवळ कोणताही डोंगर खेळात आणणे शक्य झाले. सह्याद्रीसारख्या डोंगरांसाठी हा मार्ग अधिक योग्यही होता, कारण लाव्ह्याच्या जवळपास आडव्या थरांमुळे तयार झालेले कडे आणि त्यांमधले सपाट टप्पे यादृच्छिक गणितातून उमटत नाहीत. मात्र 90 मीटरच्या दोन बिंदूंमधली जागा अंदाजाने भरली जात असल्यामुळे घळी, ओहोळ आणि शेताचे बांध या मोजणीतून निसटतात, आणि शिवाराचे शिवारपण तर बरेचसे त्यांतच असते. ते हातानेच घालावे लागले.

झाडांच्या बाबतीत ‘सिमसिटी 4’च्या खेळाडूंनी दाखवलेली चिकाटी थक्क करणारी आहे. कोणत्या उंचीवर, किती ओलाव्यात कोणते झाड उगवेल हे ठरवणारी एक नियमावली खेळात होती. खेळाडूंनी ती बदलून आपापल्या प्रदेशांच्या वनस्पतींच्या नियमावल्या रचल्या, परंतु एका नियमावलीची झाडे पूर्णपणे काढल्याशिवाय दुसरी बसवली तर खेळ कोलमडे. याखेरीज एकेक झुडूप, दगड, गवताचा पुंजका किंवा पाण्याचा तुकडा हवा तेथे ठेवता यावा म्हणून स्वतंत्र वस्तू तयार झाल्या, आणि एक चौरस किलोमीटरचा कोपरा भरायला अशा हजारो वस्तू टिपून टिपून ठेवाव्या लागत. ऋतूनुसार पानांचा रंग बदलणारी काही झाडे तर खेळातल्या कालगणनेच्या 1 सप्टेंबर या तारखेलाच लावावी लागत. एरवी लावल्यास शेजारशेजारची झाडे वेगवेगळ्या वेळी पिवळी पडत. खेळाच्या हिशोबात या सर्व श्रमांचे मोल शून्य होते. त्यांतून ना कर मिळे, ना लोकसंख्या वाढे.

उपयोगाच्या कारणाने सुरू झालेली प्रतिकृती हळूहळू भूदृश्याच्या प्रेमाखातर होऊ लागणे ही गोष्ट मात्र संगणकाबरोबर आलेली नाही. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या काळात, 1668 पासून, युद्धमंत्री लूव्हा याच्या पुढाकाराने किल्लेबंद शहरांच्या त्रिमितीय प्रतिकृती बनवण्यास प्रारंभ झाला. त्यांतल्या बहुतेक 1:600 या प्रमाणात असून लाकूड, कागद, रेशीम व वाळू वापरून तटबंदीबाहेरची शेते, बागा आणि झाडेही त्यांत दाखवलेली आहेत. बाहेरचा प्रदेश दाखवण्याचे कारण लष्करी होते, कारण तोफेच्या पल्ल्यात येणारी प्रत्येक टेकडी व प्रत्येक झाडी सेनापतीला माहीत असणे आवश्यक होते. विसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला गेलेले रॉय इंग्लंड यांनी ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’ या खोऱ्यातील जुनी घरे डोळ्यांदेखत बदलत चाललेली पाहून त्यांची मोजमापे घेतली व 1:76 या प्रमाणात 1930 च्या सुमारासचे खेडे उभारण्याचे काम आरंभले. ऑक्सफर्डशरमधील पेंडन संग्रहालयात ते त्यांच्या पश्चातही चालू राहिले. पेंडनची भाजीच्या वाफ्यापर्यंत उतरणारी शिस्त आणि संगणकावर झुडपे मांडणाऱ्यांची शिस्त यांत जातीचा फरक दिसत नाही. पेंडनकरांना निदान झाडांच्या संख्येची मर्यादा नव्हती.

ती मर्यादा ‘सिटीज: स्कायलाइन्स’मध्ये अगदी आकड्यांत मांडलेली होती. फिनलंडमधील टाम्पेरे येथील कोलोसल ऑर्डर या लहान संस्थेने घडवलेला हा खेळ 10 मार्च 2015 रोजी प्रसिद्ध झाला. त्याचा संपूर्ण नकाशा 17.28 किलोमीटर बाजूचा, म्हणजे सुमारे 299 चौरस किलोमीटरचा होता, उंचीचे चित्र अधिक बारीक छटांचे असल्याने पायऱ्यांचा त्रास बराच कमी झाला, आणि रस्ते चौकटी सोडून हवे तसे वळू लागले. परंतु झाडांची कमाल संख्या 2,62,144 ठरलेली होती. संपूर्ण नकाशावर ती सारखी पसरली तर हेक्टरी नऊ झाडेही वाट्याला येत नाहीत, तर खऱ्या जंगलात हेक्टरी शेकडो असतात; त्यामुळे मूळ खेळात रान राखायचे म्हणजे दुरून दाट भासेल अशी झाडी नेमक्या जागी लावून उरलेला डोंगर उघडा ठेवण्याची काटकसर करावी लागे. इमारतींना रस्त्याची कड आवश्यक होती, म्हणून शेताच्या मधोमध, पायवाटेच्या टोकाला असलेले घर नियमांत बसत नव्हते. पाणी उगमापासून उताराकडे खरोखर वाहत असे, ही मोठी प्रगती होती, पण त्याची गणना ज्या जाळ्यावर होई ते एवढे जाडेभरडे होते की मोठी नदी शोभून दिसे आणि डोंगरातला ओढा तुटक डबक्यांत विखरून जाई.

या प्रत्येक अडचणीवर खेळाडूंनी मॉड, म्हणजे खेळाच्या वर्तनात बदल करणारे पूरक कार्यक्रम लिहिले. एकाने झाडांची मर्यादा वाढवली, दुसऱ्याने वस्तू एकमेकींत घुसवण्याची मुभा दिली, तर ‘मूव्ह इट’ने इमारत, झाड, रस्ता असे काहीही उचलून हवे तेथे, हव्या त्या कोनात ठेवणे शक्य केले. या मुभेला खेळाडूंनी ‘अनार्की’, म्हणजे अराजक, असे नाव दिले, आणि ते समर्पक आहे: पाण्याच्या रंगाचा पृष्ठभाग उतारावर चिकटवून केलेला ओढा, रस्त्याच्या जोडणीविना उभा असलेला गोठा, मातीची वाट दिसावी म्हणून जमिनीवर पसरलेली चित्रे, हे सारे खेळाच्या शासनाबाहेरचे होते. कंपनीनेही नंतर त्या दिशेने पावले टाकली. 2018 मधील ‘पार्कलाइफ’ या विस्तारात अभयारण्ये आली आणि त्याच वर्षीच्या ‘इंडस्ट्रीज’मध्ये शेती व वनीकरणाची क्षेत्रे आली, तरी पीक तेथेही प्रामुख्याने कच्चा मालच राहिले.

24 ऑक्टोबर 2023 रोजी आलेल्या ‘सिटीज: स्कायलाइन्स 2’मध्ये एकेकाळी हाताने केलेल्या कित्येक गोष्टी मूळ खेळाचा भाग झाल्या. ऋतू आले; झाडाला रोपापासून वठण्यापर्यंतच्या अवस्था मिळाल्या; शेताची हद्द हव्या त्या आकारात ओढता येऊ लागली, म्हणजे 1785 च्या काटकोनातून शेत अखेर सुटले. मात्र बारकावे हाताने मांडण्याची साधने प्रारंभी जवळजवळ नव्हती व मॉडची अधिकृत व्यवस्था मार्च 2024 मध्ये, तीही चाचणीच्या स्वरूपात खुली झाली, त्यामुळे नव्या खेळातले पहिले काही महिने शहरे झपाट्याने वाढली आणि शिवारे उघडी राहिली. शेती अजूनही विशेष उद्योगांच्या यादीत खनिजे व तेलाच्या शेजारी बसते. पडीक ठेवलेली जमीन, वाटणीने तुकडे झालेली जमीन, सर्वांची गुरे चरतात ते गायरान, यांना वेगळे साधन नाही. खेळाडू गवत, कुंपण, पाण्याचा हौद आणि गुरे मांडून गायरान रचतो, आणि खेळाच्या हिशोबात ती जागा बांधकामास उपलब्ध अशी मोकळी जमीन म्हणूनच नोंदलेली राहते.