सोप्या वाटांवरचा अवघड इतिहास

दिवाळीच्या फटाक्यांतला लाल रंग बहुतेक वेळा स्ट्रॉन्शियम नावाच्या धातूच्या क्षारांमुळे येतो. आपल्या लहानपणीच्या जाडजूड टीव्हीच्या काचेतही क्ष-किरण अडवायला हेच मूलद्रव्य घातलेलं असायचं. आवर्तसारणीत याचा क्रमांक 38. बारावीला कॅल्शियमच्या खालचं घर म्हणून मी ते पाठ केलं होतं. पण या मूलद्रव्याचं नाव स्कॉटलंडमधल्या एका लहानशा गावावरून पडलंय, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. कामानिमित्त ग्लासगोला राहायला आल्यावर नकाशा चाळताना ते गाव दिसलं. स्पेलिंग धातूसारखंच, उच्चार मात्र स्ट्रॉन्टीअन. एका लांब वीकेंडला मी बॅग भरली.

हे गाव आर्डनामर्खन द्वीपकल्पाच्या तोंडाशी आहे. ब्रिटनच्या मुख्य भूमीचं पश्चिमेकडचं टोक याच द्वीपकल्पावर येतं. दक्षिणेला लॉख सुनार्ट. लॉख म्हणजे सरोवर असं आपण वाचतो, पण समुद्राचं खारं पाणी जमिनीत खोल शिरलं तरी इथले लोक त्याला लॉखच म्हणतात. कोकणातला माणूस सरळ खाडी म्हणेल. ही खाडी तीसेक किलोमीटर आत आलेली आहे.

कॉरनला गाडीसकट फेरीबोटीत चढायचं. पाचेक मिनिटांत पलीकडचा किनारा लागतो. पुढचा रस्ता बराचसा एकपदरी, समोरून गाडी आली की थांबायला मधूनमधून रुंद जागा ठेवलेली. इथल्या बऱ्याच पायवाटा सोप्या आहेत. हरिश्चंद्रगड चढलेल्यांना तर हे पाय मोकळे करणंच वाटेल. पर्यटनाच्या पत्रकांत या प्रदेशाला हमखास लागणारी विशेषणं दोन : निर्जन आणि अस्पर्श. पहिलं बऱ्याच अंशी खरं आहे. दुसरं अजिबात नाही.

जंगल नव्हे, कारखान्याचं कोठार

स्ट्रॉन्टीअनजवळ आरियंडलचं ओकवन आहे. अटलांटिककडून येणारा पाऊस इथे वर्षभर पडत असतो. त्यामुळे दगड, खोड, फांदी सगळ्यांवर शेवाळाची जाड गादी. फांद्यांना राखाडी-हिरवी झुलपं लोंबतात. ती आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाची भावंडं. थंड हवेतलं वर्षावन म्हणून अभ्यासक याची नोंद घेतात. आत शिरल्यावर वाटतं, इथे माणसाचा हात कधी लागलाच नसेल.

पण नीट पाहिलं तर कित्येक झाडं एकाच बुंध्यातून तीन-चार खोडांनी वर आलेली दिसतात. ओक मुळाशी तोडला की खुंटाला नवे धुमारे फुटतात. ते वाढू द्यायचे, वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा तोडायचे. सुनार्टच्या काठची जंगलं अशी पाळीपाळीने तोडली जात. उतारावर मध्येच सपाट ओटे लागतात. तिथे लाकूड रचून, मातीने झाकून, आतल्या आत धुमसवत कोळसा पाडायचे. आपल्याकडे सह्याद्रीच्या रानात कातकऱ्यांनी अशाच भट्ट्या लावल्या.

हा कोळसा जायचा लॉख एटिव्हच्या काठी बोनॉ इथल्या लोखंडाच्या भट्टीत. ती 1753 मध्ये सुरू झाली. लोहखनिज इंग्लंडमधल्या कम्ब्रियातून जहाजाने यायचं, कारण खनिज जंगलापर्यंत नेणं हे कोळसा खनिजापर्यंत नेण्यापेक्षा परवडायचं. कोळसा ठिसूळ असतो, लांबच्या प्रवासात त्याचा चुरा होतो. ओकची साल कातडी कमावायला विकली जाई. 1876 मध्ये बोनॉची भट्टी बंद झाली. गंमत अशी, की कोवळे धुमारे जनावरांनी खाऊ नयेत म्हणून तोडलेल्या वनाला कुंपण घालत. झाडाला किंमत होती तोवर कुणीतरी त्याची राखणही करत होतं. आज आपण ज्याला अस्पर्श म्हणतो ते कारखान्याचं जुनं कोठार आहे.

खाण आणि तरंगतं चर्च

याच वाटेने पुढे डोंगरात शिशाच्या जुन्या खाणी आहेत. अठराव्या शतकात तिथे काम सुरू झालं. त्या खाणीतलं एक खनिज 1790 मध्ये अडेअर क्रॉफर्ड या डॉक्टरच्या हाती आलं. ते बेरियमचं खनिज समजलं जात होतं, पण त्याचे गुण जुळेनात. एडिंबरोच्या थॉमस चार्ल्स होप यांनी त्यावर सविस्तर प्रयोग केले आणि ज्योतीला लाल रंग देणारं हे काहीतरी वेगळंच आहे हे दाखवलं. 1808 मध्ये हम्फ्री डेव्हीने विजेच्या साहाय्याने धातू वेगळा केला. गावाचं नाव आवर्तसारणीत जाऊन बसलं.

त्या गावच्या लोकांना मात्र प्रार्थनेसाठी चार भिंती बांधायला जमीन मिळत नव्हती.

झालं असं : 1843 मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड फुटलं. गावचा धर्मगुरू कोण असावा हे जमीनदाराने ठरवायचं की मंडळींनी, हा वादाचा गाभा. सुमारे एक तृतीयांश धर्मगुरू पगार आणि घर सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केलं. स्ट्रॉन्टीअनचे पुष्कळ लोक त्यांच्या बाजूने गेले. इथली जमीन सर जेम्स रिडेल यांची. त्यांनी नव्या चर्चला जागा द्यायला नकार दिला. लोक उघड्यावर, पावसात प्रार्थना करू लागले.

मग त्यांनी काढलेली तोड ऐकून माझ्यातली इंजिनिअर खूश झाली. जमीन जमीनदाराची, ठीक. पाण्याचं काय? वर्गणी काढून क्लाइड नदीकाठच्या गोदीत लोखंडाचं तरंगतं चर्च बांधून घेतलं. 1846 मध्ये ते ओढत आणून लॉख सुनार्टमध्ये, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर नांगरलं. रविवारी लोक होड्यांतून जात. असं सांगतात, की दर शंभर माणसांमागे ते एक इंच पाण्यात उतरायचं. म्हणजे कोणत्या प्रवचनकाराला किती गर्दी झाली, ते काठावरूनही मोजता यायचं.

हा किस्सा हसत सांगितला जातो. पण त्यामागची परिस्थिती हसण्यासारखी नाही. अख्ख्या गावाला पाय टेकायला हक्काची जागा नव्हती, म्हणून देव पाण्यावर नेऊन ठेवावा लागला.

मोकळं रान मोकळं कसं झालं

त्याच रिडेल यांच्या जमिनीवर, बेन हिआंट डोंगराच्या पायथ्याला बूरब्लेग नावाचं गाव होतं. होतं, कारण 1828 मध्ये ते उठवलं गेलं. किलखोअनकडे जाताना कामास नान ग्याल या उपसागराशी थांबता येतं. तिथे क्रूस कोरलेला उभा पाषाण आहे, जुनं दफनस्थान आहे, खाली वाळू आहे. त्या बाजूने चालत बूरब्लेगला जाता येतं. छपरं केव्हाच गेलेली, दगडी भिंती कमरेएवढ्या उरलेल्या. तिरप्या उन्हात उतारावर समांतर वरंबे उठून दिसतात. पातळ मातीत समुद्राचं शेवाळ घालून, वाफे उंच करून लोक बटाटे आणि ओट पिकवायचे. नांगर न चालणाऱ्या जमिनीवर कुदळीने केलेली शेती.

कारण साधं होतं. छोट्या कुळांच्या खंडापेक्षा मेंढ्यांसाठी एकगठ्ठा भाड्याने दिलेल्या जमिनीचा पैसा जास्त आणि खात्रीचा. कुळांकडे कागद नव्हता, पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती, आणि कायद्याला वहिवाट दिसत नव्हती. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात हे शेकडो ठिकाणी घडलं. इंग्रजीत याला दिलेलं नाव आहे ‘क्लिअरन्सेस’. साफसफाई केल्यासारखं नाव.

उत्तर किनाऱ्यावरच्या स्वोर्डलची पाळी 1853 मध्ये आली. तिथली जमीन त्यातल्या त्यात बरी होती. लोकांना तिथून काढून सान्नासारख्या वाळूच्या, खडकाळ टोकांकडे ढकललं गेलं. आज सान्नाचा पांढरा किनारा या भागातल्या सर्वांत सुंदर फेऱ्यांपैकी एक आहे. फोटो काढताना मलाही मोह आवरला नाही. पण पोट भरण्यासाठी कुणी ही जागा निवडली नसती.

दातांची साक्ष

याच स्वोर्डलच्या किनाऱ्यावर 2011 मध्ये पुरातत्त्वज्ञांना दहाव्या शतकातली एक कबर सापडली. एका व्हायकिंगला त्याच्या होडीत ठेवून पुरलं होतं. सोबत तलवार, कुऱ्हाड, ढाल. लाकूड कुजून गेलेलं, पण होडीचे लोखंडी रिव्हेट जागच्या जागी राहिल्यामुळे तिचा आकार कळला. माणसाचे उरले होते ते दात.

आणि इथे आपलं मूलद्रव्य परत येतं. प्रत्येक खडकात स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं प्रमाण खडकाच्या जातीनुसार आणि वयानुसार वेगळं असतं. ते पाण्यातून, धान्यातून आपल्या अंगात येतं. शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं, म्हणून लहानपणी दाताच्या आवरणात जाऊन बसतं आणि मग बदलत नाही. आर्डनामर्खनच्या टोकाचा भाग सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा आहे. आपला दख्खनचा बेसॉल्ट साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे पायाखालचा काळा दगड तसा ओळखीचाच. असा तरुण खडक वेगळी खूण ठेवतो, प्राचीन नीस वेगळी. तपासणीत या माणसाचं बालपण स्कॅन्डिनेव्हियात गेलं असण्याची शक्यता दिसली. आयर्लंडचा पूर्व भाग किंवा स्कॉटलंडचा ईशान्य भाग हे पर्यायही उरले.

हजार वर्षांपूर्वी होडीतून आलेल्या परक्या माणसाला ही जमीन मिळाली, आणि ती अजून त्याच्याकडे आहे असं म्हणता येईल. ज्यांच्या दातांत याच मातीचं स्ट्रॉन्शियम मुरलेलं होतं, त्यांना 1853 मध्ये जावं लागलं. जन्माचा दाखला त्यांच्या तोंडात होता. तो वाचण्याचं तंत्र तेव्हा नव्हतं. असतं तरी कुणी विचारलं नसतं.

1886 मध्ये छोट्या कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. नियमित खंड भरणाऱ्याला मनमानीने हुसकावता येईना. बूरब्लेगला त्याचा उपयोग नव्हता. मग 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये बहुतेक जमिनीवर आणि पाण्यावर, जबाबदारीने वागण्याच्या अटीवर, सगळ्यांना वावरण्याचा हक्क दिला. जमीन खाजगी असली तरी. मी परदेशी, व्हिसावर आलेली. तरी मलाही तो आहे. पडक्या घरांमधून मी फिरले तेव्हा मला कुणी हटकलं नाही.

हा कायदा मला मनापासून आवडतो. आपल्याकडेही असं काही हवं होतं असं वाटतं. फक्त त्यात एक गोष्ट खुपते. या वाटांवर चालण्याचा हक्क आज जगातल्या कुणालाही आहे. ज्यांच्या रोजच्या येण्याजाण्याने यातल्या कित्येक वाटा पडल्या, त्यांना इथे राहण्याचा हक्क नव्हता. बूरब्लेगमध्ये एका घराचा उंबरठा अजून जागेवर आहे. मधोमध झिजलेला.