पडीक म्हंजे कुणाची?

‘पडीक’ ह्या शब्दाची मला चीड आहे. माझ्या आज्यानं गायरानातला दोन एकर माळ फोडला, दगड वेचले, ज्वारी काढली. कागदावर जमीन पडीकच राहिली अन् आजा अतिक्रमणवाला ठरला. मी सोलापुरात सूतगिरणीत तिसऱ्या पाळीला असतो. कॉलेजची पायरी चढलो नाही. पण एका विद्यापीठाच्या जमिनीचा इतिहास वाचत गेलो, तर तिथंही तोच शब्द आडवा आला.

हैदराबादचं कंचा गच्चीबावली. तेलुगूत कंचा म्हंजे चराईचं रान. १९६९ अन् १९७२ ची आंदोलनं पेटली, १९७३ ला सहा कलमी तोडगा निघाला, त्यातून १९७४ ला केंद्रीय विद्यापीठ उभं राहिलं. सुमारे २३०० एकर त्याच्या ताब्यात आली. मालकीचा कागद मात्र सरकारनं करून दिला नाही. मग तुकडे पडत गेले. काही स्टेडियमला, काही दुसऱ्या संस्थांना. २००३ ला ४०० एकर खेळाच्या नावानं एका खासगी कंपनीला. २००६ ला तो व्यवहार रद्द झाला, कोर्टबाजी चालली, २०२४ ला सरकार जिंकलं अन् आयटी पार्कची भाषा सुरू झाली.

तिथं काय होतं? अडीचशे कोटी वर्षांचा ग्रॅनाइट, त्याच्या फटींत मुरणारं पावसाचं पाणी, मोर, चितळ, कासवं. एका तळ्याचं नाव मोराचं, दुसऱ्याचं म्हशीचं. सरकार म्हणालं, दप्तरी जंगलाची नोंद नाही. म्हंजे जंगल नाही!

२०२५ च्या मार्चअखेर, ऐन पाडव्याच्या सुट्टीत, बुलडोझर घुसले. पोरं आडवी झाली, पोलिसांनी उचलली. ३ एप्रिलला सुप्रीम कोर्टानं काम थांबवलं. खंडपीठावर अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते. तोवर शंभरेक एकर बोडकी झाली होती. झाड पाडायला मिनिट पुरतं, खडकावर माती साचायला पिढ्या जातात.

मी मोरांच्या बाजूनं आहे. पण अजून एक आठवण ठेवा. ह्याच आवारात जानेवारी २०१६ ला पाच दलित पोरांना वसतिगृहाबाहेर काढलं. ती उघड्यावर झोपली. त्या जागेला त्यांनी नाव दिलं वेलिवाडा. गावकुसाबाहेरची आपली वस्ती! १७ जानेवारीला त्यांतला रोहित वेमुला गेला. एवढ्या एकरांत पाच खाटा मावल्या नाहीत.

तेव्हा विद्यापीठ चांगलं अन् सरकार वाईट, इतकं हे सोपं नाही. लिहिणारा हात ज्याला मोजत नाही, तो आधी कागदावरून जातो, मग जमिनीवरून. मग ते चितळ असो, कासव असो, नायतर माझा आजा.

दोस्तांनो, सुट्टीला गावी गेलात की तलाठ्याकडं जा. गायरानाचा सातबारा मागा. त्यात काय लिहिलंय ते वाचा, अन् तिथं खरं काय उगवतं, कोण राबतं, कोण चरतं, ते आपल्या हातानं लिहून ठेवा.