कावळा, कोकरू आणि लॅटिन

आपली मातृभाषा आपण नेमकी कशी शिकलो, हे कोणालाच आठवत नाही. तिचा तास नव्हता, पाठ्यपुस्तक नव्हते, परीक्षाही नव्हती. कर्ता, कर्म, क्रियापद हे शब्द कानावर न पडताच तीन वर्षांचे मूल घरच्यांशी हुज्जत घालू लागते. मग दुसरी भाषा शिकवताना आपण नियमांपासून आणि शब्दांच्या याद्यांपासून सुरुवात का करतो?

हा प्रश्न फार जुना आहे. सतराव्या शतकातल्या युरोपात मुलांना लॅटिन शिकावे लागे. विद्यापीठ, चर्च, न्यायालय, सगळीकडे तीच भाषा. ती शिकवण्याची रीत म्हणजे व्याकरणाचे नियम पाठ करायचे, आणि चुकले की छडी. कित्येकदा हे नियमही लॅटिनमध्येच लिहिलेले असत. म्हणजे जी भाषा येत नाही, तिच्यातच तिचे नियम शिकायचे!

मोरावियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) १५९२ साली जन्मलेल्या यान आमोस कोमेनियसने हे सारे भोगले होते. लहानपणी आईवडील गेले, लॅटिन शाळेत जायला वयाचे सोळावे वर्ष उजाडले. पुढे धार्मिक छळामुळे देश सोडावा लागला आणि उरलेले आयुष्य परमुलखात गेले. या भटकंतीतच त्याने १६३१ मध्ये लॅटिनचे एक पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. सुमारे आठ हजार शब्द त्याने एक हजार वाक्यांत गुंफले होते. पुस्तक खूप गाजले, पण लहान मुलांना ते जड जाई. हंगेरीत शिकवत असताना कोमेनियसने त्यावर उपाय शोधला, आणि १६५८ मध्ये न्यूरेंबर्गला त्याचे ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’ छापले गेले. नावाचा अर्थ, इंद्रियांना जाणवणारे जग, चित्रांमध्ये.

पुस्तकात सुमारे दीडशे चित्रे होती. प्रत्येक चित्रातल्या वस्तूंवर आकडे घातलेले, आणि तेच आकडे खालच्या मजकुरातल्या शब्दांपाशी. लोहाराच्या भट्टीचे चित्र असेल, तर भाता कोणता आणि ऐरण कोणती हे मूल बोट ठेवून ओळखू शके. मुळाक्षरांची ओळखही प्राण्यांच्या आवाजातून करून दिलेली होती. कावळ्याच्या ओरडण्यातून ‘अ’, कोकराच्या बें-बें मधून ‘ब’. कोमेनियसचे म्हणणे साधे होते: जे आधी इंद्रियांनी अनुभवलेले नाही, ते बुद्धीत शिरणार कसे?

या पुस्तकाची एक गोष्ट मात्र नंतरच्या काळात अनेकजण विसरले. पानावर लॅटिनच्या शेजारी जर्मन मजकूरही होता. दुसऱ्याच वर्षी निघालेल्या आवृत्तीत जर्मनची जागा इंग्रजीने घेतली. कोमेनियसने मातृभाषा वर्गाबाहेर काढली नव्हती. चित्र आणि मातृभाषा या दोन्ही काठ्या त्याने मुलाच्या हाती दिल्या होत्या.

दोनशे वर्षांनंतरही बहुतेक शाळांत व्याकरण आणि भाषांतर हीच रीत होती. फ्रांस्वा ग्वँ हा फ्रेंच शिक्षक जर्मन शिकायला हॅम्बुर्गला गेला. त्याने सबंध व्याकरण आणि २४८ अनियमित क्रियापदे दहा दिवसांत पाठ केली, आणि तो व्याख्यानाला जाऊन बसला. एक शब्दही कळला नाही. मग त्याने शब्दकोशच पाठ करायला घेतला. तरीही तेच! घरी परतल्यावर त्याने पाहिले, तर त्याचा तीन वर्षांचा भाचा तेवढ्या काळात छान बोलू लागला होता. पिठाची गिरणी पाहून आलेले ते मूल घरी गिरणी-गिरणी खेळे, आणि आधी काय झाले, मग काय झाले, हे क्रमाने सांगे. त्यावरून ग्वँने कृतींच्या साखळ्यांतून भाषा शिकवण्याची पद्धत बसवली आणि १८८० मध्ये ती पुस्तकरूपाने मांडली. दार उघडतो, आत येतो, खुर्चीवर बसतो: बोलायचे आणि करून दाखवायचे.

त्याच सुमारास अमेरिकेत बर्लिट्झच्या भाषाशाळा निघाल्या. पहिली १८७८ ची. तिथे वर्गात फक्त नवी भाषा, मातृभाषेला मज्जाव. फी भरून, हौसेने येणाऱ्या प्रौढांच्या छोट्या वर्गांत हे चालून गेले. पण यातूनच एक गैरसमज रुजला असे आम्हाला वाटते. ‘समजेल असे ऐकवा’ हे तत्त्व, आणि ‘मातृभाषा बोलू देऊ नका’ हा नियम, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

कॅनडातला अनुभव हेच सांगतो. माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट इथे १९६५ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली. शिक्षक फ्रेंच बोलत, हातवारे करत, वस्तू दाखवत. पण मुले सुरुवातीला इंग्रजीत बोलली तर त्यांना कोणी रागावत नसे, कारण शिक्षकांना इंग्रजी समजत होते.

या साऱ्याला सिद्धांताचे रूप दिले ते अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी, १९७० आणि ८० च्या दशकांत. आपल्या पातळीच्या जरासे वरचे, पण संदर्भाने कळणारे बोलणे कानावर पडत राहिले की भाषा आपसूक येते, असे त्यांचे म्हणणे. मनात भीती असेल तर मात्र ऐकलेले आत झिरपत नाही. या मांडणीवर आक्षेपही आले. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये दाखवले की कॅनडातल्या या मुलांना वर्षानुवर्षे ऐकून फ्रेंच उत्तम समजे, पण बोलण्या-लिहिण्यात चुका राहून जात. ऐकणे हा पाया आहे, पण बोलायची, लिहायची संधीही हवी.

आपल्याकडेही एक प्रयोग झाला. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास अशा ठिकाणच्या काही शाळांत इंग्रजीचे वर्ग वेगळ्या रीतीने चालवले. व्याकरणाचा पाठ नाही. रेल्वेचे वेळापत्रक किंवा नकाशा समोर ठेवायचा आणि त्यावरचे कोडे सोडवायचे. सोडवता सोडवता शिक्षकांचे इंग्रजी मुलांना समजू लागे. वर्ग साधे, भारतीय शाळांतलेच होते, हे विशेष.

महाराष्ट्रात दुसऱ्या भाषेचा प्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यासमोर इंग्रजीच येते. पण मेळघाटातल्या कोरकू मुलाला किंवा सातपुड्यातल्या पावरी बोलणाऱ्या मुलीला पहिलीतली पुस्तकी मराठी हीच दुसरी भाषा असते. त्या मुलांचे गप्प बसणे पाहून कोणी त्यांना ‘मंद’ ठरवते. खरे तर समोर चाललेले बोलणे त्यांच्यापर्यंत पोचलेलेच नसते. अशा वर्गात चित्र, वस्तू, हातवारे, करून दाखवलेली गोष्ट यांची गरज सर्वांत जास्त. आणि मुलाने आपल्या भाषेत दिलेले उत्तर हे उत्तरच असते. त्याला प्रश्न समजला, याचा तो पुरावा असतो.

शिक्षकाने त्या मुलांकडून त्यांच्या भाषेतले वीस-पंचवीस शब्द शिकून घेतले, तर फार काही बिघडणार नाही. चित्र भिंतीवर टांगावे, आणि त्याखाली दोन्ही भाषांतली नावे लिहावीत. कोमेनियसच्या पानावरही तशी दोन नावे शेजारी शेजारी होतीच.