दोन मैलांत दमलेला शेतकरी: पहिली शर्यत, महिन्याचा हिशेब आणि नोंदीबाहेरचे धावपटू

१/ १ जानेवारी १९२२. दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात, हार्डिंग गावाजवळ राहणारा ३८ वर्षांचा एक शेतकरी घराबाहेर पडून धावू लागला. जेमतेम दोन मैल झाले आणि त्याला दम लागला. त्याच वर्षी २४ मे रोजी त्याच माणसाने सुमारे ९० किलोमीटरची शर्यत जिंकली. या दोन तारखांमध्ये पाच महिनेही नव्हते. आजचा थ्रेड त्या महिन्यांविषयी आहे, आणि त्या शर्यतीत ज्यांना प्रवेशच नव्हता त्यांच्याविषयीही.

२/ आधी निमित्त सांगते. माझ्या धावण्याच्या नोंदवहीचे छायाचित्र पाहून तुमच्यापैकी अनेकांनी दोन प्रश्न विचारले होते. महिन्यामहिन्याची प्रगती कशी मोजायची? आणि पहिली लांब पल्ल्याची शर्यत कोणती निवडायची? मी प्रशिक्षक नाही, इतिहासाची विद्यार्थिनी आहे. त्यामुळे उत्तर इतिहासातूनच देते.

३/ या शेतकऱ्याचे नाव आर्थर न्यूटन. जन्म १८८३, इंग्लंडमधील वेस्टन-सुपर-मेअर. तरुणपणी ते दक्षिण आफ्रिकेत आले आणि पुढे नाताळमध्ये शेती करू लागले. व्यायामाची आवड होती, परंतु नामांकित धावपटू म्हणून त्यांना कोणी ओळखत नव्हते. चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना त्यांनी धावण्याचा निश्चय केला, आणि त्यामागचे कारण आरोग्य नव्हते. ते कारण जमिनीचे होते.

४/ न्यूटन यांच्या शेताभोवतीचा मुलूख आफ्रिकी लोकांच्या वस्तीसाठी राखून ठेवण्याचे सरकारी धोरण होते. त्यामुळे आपल्या जमिनीचे मोल बुडाले आणि वर्षानुवर्षांचे कष्ट वाया गेले, अशी त्यांची तक्रार होती. सरकारदरबारी दाद मागूनही मनासारखी भरपाई मिळेना. तेव्हा त्यांनी ठरवले की आधी नाव कमवायचे. ज्याचे नाव वर्तमानपत्रांत झळकते, त्याचे गाऱ्हाणे लोक ऐकून घेतात.

५/ नाव कमवायला धावणेच का? हौशी खेळाडूविषयी समाजाच्या मनात आदर असतो, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे आधुनिक दीर्घ पल्ल्याच्या धावण्यातील एका मोठ्या कारकिर्दीचा आरंभ एका अर्जातून झाला. सरकारने तो वाचला नाही, म्हणून न्यूटन यांनी तो पायांनी लिहायला घेतला.

६/ मग शर्यत कोणती? तेव्हा नाताळमध्ये एक नवी शर्यत सुरू झाली होती. पहिल्या महायुद्धात लढलेले रेल्वे इंजिनचालक व्हिक क्लॅफम यांनी आपल्या दिवंगत सहसैनिकांच्या स्मरणार्थ २४ मे १९२१ रोजी पीटरमॅरिट्झबर्ग ते डर्बन अशी शर्यत भरवली. नाव ठेवले ‘कॉम्रेड्स’. पहिल्या वर्षी ३४ जण धावले आणि १६ जणांनी ती पूर्ण केली. विजेते बिल रोवन यांना ८ तास ५९ मिनिटे लागली.

७/ पीटरमॅरिट्झबर्ग हे नाव आपल्याला अनोळखी नाही. जून १८९३ मध्ये याच शहराच्या रेल्वे स्थानकावर मोहनदास गांधी यांना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवण्यात आले होते. कोणत्या रस्त्यावरून कोणी जावे आणि कोणत्या डब्यात कोणी बसावे, हे त्या प्रांतात कातडीच्या रंगावरून ठरत असे. हा संदर्भ लक्षात ठेवा. थ्रेडच्या उत्तरार्धात तो परत येणार आहे.

८/ न्यूटन यांची निवड नीट पाहा. शर्यत त्यांच्याच प्रांतातली होती, म्हणजे हवा, चढ आणि रस्त्याची धूळ ओळखीची. तारीख ठरलेली होती, त्यामुळे हाताशी किती महिने आहेत हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट होते. अंतर इतके मोठे होते की नैसर्गिक वेगापेक्षा चिकाटीला अधिक किंमत होती, आणि उशिरा सुरुवात करणाऱ्या माणसाला ते सोयीचे होते. शिवाय धावण्याचे कारण स्वतःचे होते. पहिली शर्यत निवडताना या चार कसोट्या आजही पुरेशा आहेत: ओळखीचा रस्ता, पुरेसा अवधी, आपल्या प्रकृतीला साजेसे अंतर आणि स्वतःचे कारण.

९/ आता तयारीकडे वळू. त्या काळी सरावाची रूढ समजूत अशी होती की फार धावले तर शरीर झिजते. खूप चालावे, थोडे पण जोरात धावावे आणि शक्ती शर्यतीसाठी राखून ठेवावी. न्यूटन यांना हे पटले नाही. अनुभवावरून ते उलट निष्कर्षाला आले. रोज धावावे, सावकाश धावावे आणि अंतर हळूहळू वाढवावे. सरावात शर्यत करू नये, वेगाची चिंता अंतर पचल्यानंतर करावी. शर्यतीपूर्वी मात्र विश्रांती घ्यावी.

१०/ आज हे सारे आपल्याला स्वाभाविक वाटते. कोणत्याही प्रशिक्षकाकडे जा, ‘आधी सावकाश किलोमीटर वाढव’ असेच तो सांगेल. परंतु १९२२ मध्ये हे सांगणारा माणूस विक्षिप्त ठरत असे. विक्षिप्तपणाचे शहाणपणात रूपांतर होण्यासाठी पुरावा लागतो. न्यूटन यांच्याकडे तो होता, कारण धावलेल्या अंतराची त्यांनी काटेकोर नोंद ठेवली होती.

११/ मराठेशाहीच्या दफ्तरांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना एक जोडी ठाऊक असेल: रोजकीर्द आणि खतावणी. रोजकीर्दीत त्या दिवशीचा जमाखर्च जसाच्या तसा उतरतो. खतावणीत तोच तपशील खातेवार लावला जातो, आणि मगच कारभार कुठे चालला आहे ते कळते. धावणाऱ्याच्या नोंदीचेही हेच आहे. रोजचा आकडा ही रोजकीर्द. महिन्याची बेरीज, सर्वांत लांब धाव, विश्रांतीचे दिवस, दुखण्याचे दिवस ही खतावणी.

१२/ केवळ रोजकीर्द पाहणारा माणूस फसतो. मंगळवारी पाय जड होते, गुरुवारी वेग कमी पडला, एवढ्यावरून तो खचतो. मागच्या वर्षी माझे तसेच झाले. एका महिन्यात प्रत्येक धावेचा वेग आदल्या धावेशी ताडून पाहत होते, आणि अखेर नडगीच्या दुखण्याने दोन आठवडे घरी बसले. नंतर तीन महिन्यांच्या बेरजा शेजारी शेजारी मांडल्या तेव्हा चूक दिसली. वेग वाढलाच नव्हता, आणि अंतर मात्र एकाच महिन्यात जवळजवळ दुप्पट झाले होते. ही गोष्ट रोजच्या आकड्यांत दिसत नव्हती. महिन्याच्या बेरजेत ती पहिल्याच नजरेत दिसली.

१३/ २४ मे १९२२. त्या वर्षी शर्यतीची दिशा उलटी होती, समुद्रकाठच्या डर्बनहून चढत चढत पीटरमॅरिट्झबर्गकडे. वाटेत बोथाज हिल, इंचांगा आणि अगदी शेवटी पॉली शॉर्ट्स असे दमवणारे चढ. न्यूटन यांनी सुरुवात सावकाश केली. पुढे धावत सुटलेले एकेक जण थकत गेले आणि ते एकेकाला मागे टाकत गेले. ८ तास ४० मिनिटांत त्यांनी शर्यत जिंकली.

१४/ हा योगायोग नव्हता. १९२३, १९२४, १९२५ आणि १९२७ मध्येही ते जिंकले. एकूण पाच विजेतेपदे. १९२३ मध्ये तर त्यांनी सात तासांच्या आत, ६ तास ५६ मिनिटांत अंतर कापले. १९२४ मध्ये लंडन ते ब्रायटन हे अंतर ५ तास ५३ मिनिटे ४३ सेकंदांत धावून त्यांनी विक्रम केला. थकव्यावर उतारा म्हणून मीठ घातलेले गोड लिंबूपाणी ते घेत. त्या पेयाचे त्यांनी ठेवलेले गमतीदार नाव मराठीत सांगायचे तर ‘मुडद्याला उठवणारे’. आपल्याकडचे लिंबू सरबत त्याहून फार वेगळे नाही.

१५/ नाव तर झाले. जमिनीचे काय? गाऱ्हाण्याचा निकाल मनासारखा लागला नाही. १९२५ मध्ये न्यूटन शेत सोडून ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, निघून गेले. पुढे इंग्लंडमध्ये राहून त्यांनी धावण्यावर पुस्तके लिहिली. त्यांतले ‘रनिंग’ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या हेतूने धावायला लागले तो साधला नाही, आणि जे मनातही नव्हते ते हाती आले.

१६/ इथे अनेक लेख संपतात. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे थांबता येत नाही. न्यूटन यांची तक्रार कोणत्या व्यवस्थेत उभी होती? १९१३ च्या ‘नेटिव्ह्ज लँड ॲक्ट’ने देशातील बहुसंख्य असलेल्या आफ्रिकी लोकांसाठी अवघी सुमारे ७ टक्के जमीन राखून ठेवली. त्याबाहेर जमीन विकत घेण्यास त्यांना जवळजवळ मज्जाव होता. अशा देशात एक गोरा शेतकरी, आपल्या शेजारी आफ्रिकी वस्ती होणार म्हणून अन्याय झाल्याचे सांगत होता. त्यांचे वैयक्तिक नुकसान खरे असू शकते. तरीही ज्यांची जमीन आधीच गेली होती, त्यांच्या गाऱ्हाण्याला कोणतीही शर्यत उपलब्ध नव्हती.

१७/ हे शब्दशः खरे आहे. कॉम्रेड्समध्ये अधिकृतपणे फक्त गोरे पुरुष धावू शकत. १९२३ मध्ये फ्रान्सिस हेवर्ड या महिलेचा अर्ज नाकारला गेला. ती तरीही धावली आणि साडेअकरा तासांच्या सुमारास पोहोचली. १९३५ मध्ये रॉबर्ट म्च्छाली हा कृष्णवर्णीय धावपटू सुमारे साडेनऊ तासांत पोहोचला. लोकांनी दोघांचेही कौतुक केले, भेटीही दिल्या. अधिकृत निकालपत्रात मात्र दोघांनाही स्थान नव्हते.

१८/ आता क्षणभर आपल्याकडे या. न्यूटन धावू लागण्याच्या सुमारे सोळा महिने आधी, ऑगस्ट १९२० मध्ये, बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्प ऑलिंपिकची मॅरेथॉन धावले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींमध्ये अनवाणी धावणारे शेतकरी तरुण पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले, आणि त्यांच्या पुढाकाराने एक छोटा भारतीय संघ ऑलिंपिकला गेला. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा, म्हणजे नेहमीच्या मॅरेथॉनपेक्षाही लांब होता. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत १९ वे आले. विजेते फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन होते.

१९/ तीन माणसे, तीन नोंदी. न्यूटन यांची नोंद त्यांनी स्वतः ठेवली आणि पुस्तकांतून मांडली. चौगुले यांची नोंद राहिली ती ऑलिंपिकच्या निकालात, कारण कोणीतरी त्यांना तिथवर नेले आणि तिथे घड्याळ त्यांच्यासाठीही चालू होते. म्च्छाली तेच अंतर, तेच चढ, तेच ऊन सोसून धावले, पण त्यांच्यासाठी अधिकृत घड्याळ नव्हते. धावण्याची नोंद ही साधी गोष्ट वाटते. कोणाच्या घामाला आकडा मिळतो आणि कोणाच्या नाही, हा मात्र सत्तेचा प्रश्न असतो.

२०/ १९७५ मध्ये कॉम्रेड्स सर्व वर्णांच्या धावपटूंसाठी आणि स्त्रियांसाठी अधिकृतपणे खुली झाली. म्च्छाली यांच्या धावेला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. २०१९ पासून ९ तासांहून अधिक आणि १० तासांहून कमी वेळात पोहोचणाऱ्यांना जे पदक मिळते, त्याचे नाव ‘रॉबर्ट म्च्छाली पदक’ आहे. ज्या वेळेची अधिकृत नोंद नव्हती, तीच वेळ आता पदकाचे माप झाली आहे.

२१/ त्याच मार्गावर, जवळजवळ अर्ध्या वाटेवर, रस्त्याकडेच्या दरडीत एक कोनाडा आहे. न्यूटन तिथे विसावा घेत असे सांगतात. त्याला ‘आर्थर्स सीट’ म्हणतात. आजचे धावपटू तिथे फूल ठेवतात, ‘गुड मॉर्निंग, आर्थर’ म्हणतात आणि पुढे जातात. त्या गर्दीत आता सर्व वर्णांचे लोक असतात, आणि दरवर्षी भारतातून गेलेले धावपटूही असतात. न्यूटन यांच्या काळी यांपैकी बहुतेकांना त्या रस्त्यावर धावपटू म्हणून उभेही राहता आले नसते.

२२/ तर तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरे. प्रगती रोज मोजू नका. रोज फक्त लिहा आणि महिन्याअखेरीस मोजा. किती किलोमीटर, किती दिवस, सर्वांत लांब धाव किती, दुखणे किती दिवस. या महिन्याची तुलना शेजाऱ्याशी करू नका, स्वतःच्या मागच्या दोन महिन्यांशी करा. अंतर एकदम उसळले असेल तर आनंदापेक्षा काळजी करा.

२३/ आणि पहिली शर्यत? जिचा रस्ता आधी पाहता येईल, जिच्यापर्यंत निदान चार-पाच महिने हाताशी असतील आणि जिच्यासाठी तुमच्याकडे स्वतःचे कारण असेल ती. मी माझ्यासाठी साताऱ्याची २१ किलोमीटरची घाटातली अर्धमॅरेथॉन निवडली आहे. यवतेश्वराचा तो चढ लहानपणापासून एसटीच्या खिडकीतून पाहिला आहे, आता पायांनी मोजायचा आहे.

२४/ माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आता दोन वेळा लिहिल्या आहेत. एक ८ तास ४० मिनिटे, दुसरी सुमारे साडेनऊ तास. पहिली वेळ मला नोंद ठेवण्याचे मोल शिकवते. दुसरी आठवण करून देते की अर्ज भरताना माझे नाव, माझा वर्ण, माझे स्त्री असणे कोणी अडवत नाही, आणि हे आपोआप झालेले नाही. वही उघडा, तारीख घाला, पहिला आकडा लिहा. तो दोन मैलांचा असला तरी चालेल.