लहानांचें अजिंक्यपद

हॉकी हा शब्द उच्चारतांच भारतीय माणसाच्या डोळ्यांपुढें हिरवें मैदान, पांढरा चेंडू आणि ध्यानचंदांची काठी उभी राहते. याच नांवाचा एक खेळ उत्तर अमेरिकेंत बर्फावर खेळला जातो. त्यांत चेंडू नसतो. ३ इंच व्यासाची व १ इंच जाडीची कठीण रबराची चकती असते. प्रत्येक संघाचे, गोलरक्षक धरून, ६ गडी पायांत पोलादी पात्यांचे बूट चढवून २०० फूट लांब व ८५ फूट रुंद अशा गोठविलेल्या रिंगणांत त्या चकतीचा पाठलाग करतात. वीस वीस मिनिटांचे तीन डाव होतात. आणि दमछाक अशी असते कीं, मिनिटभरांत गडी बदलावे लागतात. ३ मार्च १८७५ रोजीं कानडांतील माँट्रियल शहरीं हा खेळ प्रथम छपराखालीं खेळला गेला आणि पुढें अमेरिकेच्या विद्यालयांतून त्याचा प्रसार झाला.

अमेरिकन महाविद्यालयांच्या खेळांचें नियमन नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथ्लेटिक असोसिएशन ही संस्था करते. तिनें या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९४८ सालीं कोलोराडो स्प्रिंग्ज येथें भरविली. तींत मिशिगन विद्यापीठानें डार्टमथ कॉलेजचा ८–४ असा पराभव केला. पुढें मोठीं विद्यापीठें निष्णात खेळाडूंस शिष्यवृत्त्या देऊन आपल्याकडे आणूं लागलीं, आणि हजार दोन हजार विद्यार्थ्यांच्या लहान महाविद्यालयांस त्यांच्या पंक्तीस बसणें दुरापास्त झालें. १९७३ सालीं संस्थेनें आपल्या सभासदांचे तीन वर्ग पाडले. तिसऱ्या वर्गाचा मुख्य नियम असा कीं, केवळ खेळांतील नैपुण्यासाठीं कोणासहि शिष्यवृत्ति द्यावयाची नाहीं. या वर्गाची बर्फावरील हॉकीची राष्ट्रीय स्पर्धा १९८४ सालीं सुरू झाली. तेव्हांपासून एक प्रश्न तिच्या मागें लागलेला आहे. हें पद म्हणजे दुबळ्यांचें समाधान करण्यासाठीं दिलेलें बक्षीस आहे, कीं त्यास स्वतःचें असें कांहीं मोल आहे?

पहिल्या वर्षीं अंतिम सामन्यांत बॉस्टनजवळील बॅब्सन कॉलेजनें न्यूयॉर्क संस्थानांतील स्केनेक्टडी या गांवच्या युनियन कॉलेजला हरविलें. युनियनची ही हार ध्यानांत ठेवण्याजोगी आहे, कारण तिचें उत्तर मिळावयास तीस वर्षें लागलीं.

त्यानंतरचा इतिहास हा बहुतांशीं लहान गांवांचा इतिहास आहे. विस्कॉन्सिन संस्थानांतील स्टीव्हन्स पॉइंटनें १९८९ ते १९९१ अशीं तीन वर्षें ओळीनें पद जिंकलें. व्हरमाँटच्या डोंगराळ मुलुखांतील मिडलबरी कॉलेजनें तर १९९५ ते १९९९ अशीं सलग पांच वर्षें आणि पुन्हां २००४ ते २००६ अशीं तीन वर्षें तें आपल्याकडेच ठेविलें. ह्या आठहि विजयांच्या वेळीं बिल बीनी हेच मिडलबरीचे मार्गदर्शक होते. अखेर २००७ सालीं आँटारिओ सरोवराच्या कांठीं असलेल्या ऑस्वीगोच्या संघानें जादा वेळेंत ४–३ अशी सरशी करून मिडलबरीची ती घोडदौड थांबविली. त्याच व्हरमाँटांतील नॉर्विच या लष्करी शिक्षणाच्या विद्यापीठानें २००० ते २०१७ या काळांत चार वेळां हें पद मिळविलें. त्यांपैकीं २०१० चा अंतिम सामना इतका अटीतटीचा झाला कीं, जादा वेळेचाहि दुसरा डाव खेळावा लागला आणि मग नॉर्विचनें सेंट नॉर्बर्ट कॉलेजवर २–१ अशी मात केली.

या इतिहासांत एक डागहि आहे. १९८७ सालीं प्लॅट्सबर्गच्या संघानें अंतिम सामना जिंकला. परंतु त्याच्या खेळाडूंना नियमबाह्य सवलती मिळाल्याचें पुढें सिद्ध झालें आणि तें पद रद्द करण्यांत आलें. तें उपविजेत्यासहि दिलें गेलें नाहीं. त्या वर्षाच्या नोंदींत विजेत्याची जागा रिकामीच राहिली. प्लॅट्सबर्गनें १९९२ व २००१ सालीं तेंच पद पुन्हां रीतसर जिंकून आपली पत सांवरली. ज्या स्पर्धेंत विनामोबदला खेळणें हीच मूळ अट, तेथें ती अट मोडून मिळविलेला विजय हा विजय राहत नाहीं, हाच या निर्णयाचा अर्थ होता.

आतां युनियनकडे वळावें. १९९१ सालीं त्या कॉलेजनें आपला हॉकीचा संघ पहिल्या वर्गांत नेला. तेथें शिष्यवृत्त्या देणाऱ्या धनाढ्य विद्यापीठांशीं गांठ होती. तरी युनियननें खेळासाठीं शिष्यवृत्ति न देण्याचा आपला शिरस्ता त्या काळांत सोडला नाहीं. १२ एप्रिल २०१४ रोजीं फिलाडेल्फिया येथें पहिल्या वर्गाचा अंतिम सामना झाला. एका बाजूस सुमारें ५०,००० विद्यार्थ्यांचें व पूर्वीं पांच वेळां विजयी झालेलें मिनेसोटा विद्यापीठ आणि दुसऱ्या बाजूस सुमारें २,२०० विद्यार्थ्यांचें युनियन! युनियननें तो सामना ७–४ असा जिंकला. १९८४ च्या पहिल्या लहान स्पर्धेंत हरलेलें कॉलेज तीस वर्षांनीं थोरांच्या आखाड्यांत अजिंक्य ठरलें.

तथापि या स्पर्धेचें खरें मोल थोरांवर मिळविलेल्या अशा एखाद्या विजयानें ठरत नाहीं. मार्च २०२० मध्यें संघांची निवड झाली होती, सामने तोंडावर आले होते. आणि १२ तारखेस कोरोनाच्या सांथीमुळें स्पर्धा रद्द झाली. पुढच्या वर्षींहि ती भरली नाहीं. शेवटच्या वर्षांतील विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांचा खेळ तेथेंच संपला. ज्यास खेळाचा मोबदला मिळत नाहीं, त्याच्यापाशीं खेळण्याची संधि एवढीच काय ती मिळकत. तीच त्यांच्या हातून गेली. २०२२ सालीं स्पर्धा पुन्हां भरली, मिशिगन संस्थानांतील एड्रियन कॉलेज विजयी झालें, आणि २०२३ व २०२४ सालीं होबार्ट कॉलेजनें तो मान मिळविला. परंतु २०२० व २०२१ या दोन वर्षांपुढें विजेत्याचें नांव नाहीं. १९८७ ची रिकामी जागा नियमभंगाची साक्ष देते; या दोन जागा मात्र, कांहींहि न मागतां खेळावयास सिद्ध असलेल्या तरुणांची आठवण देतात.