हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला काय?

१८ ऑगस्ट जवळ आला की एक संदेश फिरू लागतो : १८६८ साली नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि तेथेच हेलियमचा शोध लावला. पुरावा म्हणून किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ दाखवले जातात. ओटे खरे आहेत, लॉकियर खरा आहे, ग्रहणही खरे आहे. या तिन्हींची सांगड मात्र चुकीची आहे. आजच्या धाग्यात ती सोडवून पाहू.

१८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाचा खग्रास पट्टा दख्खनमधून पूर्व किनाऱ्याकडे गेला. सूर्यप्रकाश लोलकातून फाकवून त्यातील रेषांवरून मूलद्रव्ये ओळखण्याची विद्या तेव्हा जेमतेम दशकभर जुनी होती. ग्रहणात सूर्यबिंबाच्या कडेला दिसणाऱ्या लालसर ज्वाळा नेमक्या कशाच्या, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. त्याच्या उत्तरासाठी फ्रान्सहून पिएर जान्सेन गुंटूरला आले. मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन मच्छलीपट्टणला गेले. त्याच वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी वनपर्तीला होते. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल, म्हणजे युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नातू, ढगांच्या फटीतून सूर्य शोधत होते. तेवढ्यातही त्यांना ज्वाळांच्या वर्णपटात लाल, नारिंगी आणि निळी अशा तीन तेजस्वी रेषा दिसल्या.

या यादीत लॉकियर नाहीत. ते इंग्लंडमध्येच होते. (कोकणातला ऑगस्ट ज्याने एकदा अनुभवला आहे, त्याला ग्रहणासाठी त्या महिन्यात विजयदुर्ग निवडण्याची कल्पना तशीही पटणार नाही.)

गुंटूरला आकाश मोकळे होते. तेजस्वी रेषा पाहताच त्या ज्वाळा म्हणजे तप्त वायू आहेत, मुख्यतः हायड्रोजन, हे जान्सेन यांनी ओळखले. रेषा इतक्या ठळक होत्या की ग्रहणाविनाही त्या दिसाव्यात, असे त्यांना वाटले आणि दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, भर उन्हात त्यांनी त्या पाहिल्या. युक्ती अशी : आकाशाचा उजेड सर्व रंगांचा असल्याने फाकवला की फिका पडतो, एकाच रंगाची रेषा मात्र फाकत नाही, म्हणून ती उठून दिसते. माझ्या मते त्या वर्षीची खरी क्रांती हीच. काही मिनिटांच्या ग्रहणासाठी वर्षानुवर्षे थांबणारे शास्त्रज्ञ आता रोज त्या ज्वाळा पाहू शकत होते.

हीच कल्पना लॉकियर यांनाही स्वतंत्रपणे सुचली होती. ते ब्रिटिश युद्धखात्यात कारकून. खगोलशास्त्र हा फावल्या वेळचा ध्यास. त्यांनी मागवलेला वर्णपटदर्शक रखडला आणि ऑक्टोबरमध्ये हाती आला. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांना त्याच रेषा दिसल्या. ग्रहण नाही, भारत नाही, इंग्लंडमधला साधा दिवस! गंमत अशी की दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. पुढे फ्रेंच सरकारने दोघांच्या मुद्रा असलेले एकच पदक काढले.

आता हेलियम. वर्णपटातील पिवळी रेषा ग्रहणाच्या वेळी अनेकांनी पाहिली होती, पण बहुतेकांनी ती सोडियमची मानली. लॉकियर यांनी मोजून दाखवले की ती सोडियमच्या जोडरेषांवर बसत नाही. तिची तरंगलांबी सुमारे ५८७.६ नॅनोमीटर, तर सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ वर. फरक एवढासाच, पण प्रयोगशाळेतील कोणत्याच द्रव्याशी ती जुळेना. सूर्याच्या ग्रीक नावावरून, ‘हेलिऑस’वरून, या अज्ञात द्रव्याला ‘हेलियम’ म्हटले गेले. फार थोड्यांनी विश्वास ठेवला. अखेर १८९५ साली विल्यम रॅम्से यांनी क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा पाहिली. तोवर सत्तावीस वर्षे उलटली होती.

मग विजयदुर्गाचे काय? लॉकियर तेथे आले होते, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्यांची मोहीम या किल्ल्यावर उतरली आणि ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरील खलाशी तिच्या मदतीला होते. जड दुर्बिणींना हादरा न बसणारा पक्का पाया लागतो. साहेबाचे ओटे या मोहिमेशी सहज जुळतात. लोकस्मृतीने दोन ग्रहणे एक केली असावीत.

आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते. १८९८ च्या त्याच ग्रहणाचे वेध सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही घेतले. पुण्यातील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा त्यांच्याच हाती होती. विजयदुर्गावरच्या साहेबाला ओटे मिळाले. जेऊरच्या या वेधांची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो.